चौतिसाव्या मजल्यावरची शांतता

दोनशे बारा जणांपैकी एकशे एक्क्याण्णव जणांनी प्रश्नावलीत एकच उत्तर लिहिलं होतं: ठीक आहे. खुर्ची ठीक आहे, उजेड ठीक आहे, ऊब ठीक आहे, आवाज ठीक आहे. कार्यालयं आखून देणाऱ्या संस्थेचा प्रमुख ग्लेन ऑस्बी याने तो गठ्ठा चाळला आणि गेल्या वीस वर्षांत आपल्याला इतकी स्वच्छ उत्तरं मिळालेली नाहीत, असं म्हणून मारिटच्या टेबलावर ठेवला. मारिट हाउगनला त्या उत्तरांचा भरवसा वाटला नाही. ती मिनेसोटातच जन्मली आणि वाढली होती. मळणीयंत्रात सापडून तिच्या वडिलांची दोन बोटं गेली, तेव्हा इस्पितळातून त्यांनी फोनवर आईला 'ठीक आहे' एवढंच सांगितलं होतं. दाढदुखीपासून घटस्फोटापर्यंत सगळ्यावर याच दोन शब्दांचं पांघरूण घालायची या मुलखाची रीत होती, आणि ती ग्लेनलाही चांगली ठाऊक होती. पण राज्यातल्या उत्कृष्ट कार्यालयाच्या पुरस्कारासाठी त्याला मार्चअखेर अर्ज पाठवायचा होता, आणि अर्जासोबत जोडायला समाधानी माणसं हवी होती.

मिनिआपोलिसच्या मध्यावरच्या त्या इमारतीच्या चौतिसाव्या मजल्यावर एका विमा कंपनीचा दावे नोंदवणारा विभाग सप्टेंबरात हलवला होता. त्याआधी ही माणसं एका जुन्या, ठेंगण्या इमारतीत चार-चार जणांच्या खोल्यांतून बसत. आता त्यांच्यासाठी एकच अखंड दालन झालं होतं, आणि त्याची आखणी मारिटची होती. तीन वर्षं ती या मजल्यावर जगली होती. जानेवारीत काचेवरून खाली घसरणारी थंडी माणसाच्या घोट्यांना झोंबते, म्हणून तिने सगळी टेबलं काचेपासून चार फूट आत घेतली होती. अकरा तऱ्हेच्या खुर्च्या मागवून प्रत्येकीवर ती स्वतः पाऊण पाऊण तास बसून पाहिली होती. दुपारच्या पश्चिमेच्या उन्हासाठी निवडलेल्या पडद्यांचा रंग तिने चार वेळा बदलायला लावला होता. हाताखाली शिकायला आलेल्या मुलींना ती सांगत असे की बूट चावला तरच पायाची आठवण येते. तसं ज्या खोलीची आठवणच येत नाही, ती खोली साधली असं समजावं.

आवाजाची व्यवस्था याच विचारातून आली होती. दोनशे माणसं एका दालनात दिवसभर फोनवर बोलणार, म्हणजे प्रत्येकाच्या कानावर शेजाऱ्यापाजाऱ्यांचे शब्द आदळत राहणार, आणि शब्द कळला की लक्ष त्याच्यामागे धावतं. यावरचा उपाय धंद्यात सर्वांना माहीत होता. छताच्या पट्ट्यांवर, दिसणार नाहीत असे छोटे स्पीकर बसवायचे आणि त्यांतून दूरच्या वाऱ्यासारखा, एकसुरी, अर्थ नसलेला आवाज अखंड सोडायचा. चार टेबलांपलीकडचं बोलणं मग नुसती कुजबुज होऊन विरघळतं. पण हा आवाज एकदम पुरता सोडला तर माणसं बिथरतात. म्हणून पहिल्या दिवशी तो अगदी मंद ठेवायचा आणि दर आठवड्याला एकेक पायरी चढवत न्यायचा. तीन महिन्यांत तो हवा तितका होतो आणि कुणाच्या ध्यानीमनीही येत नाही. पथ्य एकच, कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की ऐकू येतो.

डिसेंबरात आवाज ठरल्या पायरीवर पोहोचला तेव्हा विमा कंपनीकडून या जागेची व्यवस्था पाहणाऱ्या रोशेल डनमने आणखी दोन पायऱ्या मागितल्या. गारपिटीच्या हंगामात फोन दुप्पट होतात, माणसं मोठ्याने बोलतात, आत्ताच बंदोबस्त झालेला बरा, असं तिचं म्हणणं होतं. मारिटने दालनात उभं राहून कान दिला. तिला काहीच त्रास वाटला नाही. ती एक्केचाळीस वर्षांची होती आणि तिचे कान धडधाकट होते. तिने कागदावर सही केली.

लोक नव्या जागेत आले की सहा महिन्यांनी आखणी करणाऱ्याने दोन दिवस त्यांच्यात जाऊन बसायचं, असा ग्लेनच्या संस्थेचा शिरस्ता होता. फेब्रुवारीअखेरच्या एका मंगळवारी मारिट तशी जाऊन बसली, आणि रिकामी खुर्ची मिळाली ती व्हर्ला टॉलेफसनच्या शेजारी.

व्हर्ला अठ्ठावन्न वर्षांची होती. सत्तावीस वर्षं ती फोनवर दावे घेत आली होती. पश्चिमेकडच्या परगण्यांतले शेतकरी गारपीट झाली की कंपनीला नव्हे, व्हर्लाला फोन करतात, असं मारिटला कुणीतरी सांगितलं होतं. छप्पर उडालेल्या माणसाला आधी रडू द्यायचं आणि मग पॉलिसीचा नंबर विचारायचा, ही तिची पद्धत नव्या माणसांना शिकवली जात असे. तिच्या टेबलावर घरून आणलेल्या लिंबाच्या वड्यांचा डबा उघडा होता. मारिटला बळेच दोन वड्या घ्यायला लावून, सगळं छान आहे, खुर्ची तर अशी की उठवत नाही, असं ती हसून म्हणाली.

पण तासाभरात मारिटच्या लक्षात काही वेगळंच आलं. व्हर्ला फोन घेताना टेबलावर जवळजवळ ओणवी होत होती. हेडफोन एका हाताने कानावर दाबून धरत होती. प्रत्येक माणसाला ती दोनदा, कधी तीनदा पुन्हा सांगायला लावत होती, आणि पलीकडचा वैतागला की तिचा आवाज अधिक गोड होत होता. शेजारची मुलगी काही बोलली की व्हर्ला तिच्या तोंडाकडे टक लावून पाही आणि मग, अर्धा क्षण उशिराने, हसे. दुपारी विभागप्रमुखाने येऊन तिच्या टेबलावर एक कागद पालथा ठेवला. तिने तो न वाचताच खणात सरकवला. त्या खणात तसे आणखी कागद होते.

जेवायला सगळे आतल्या स्वयंपाकघरात गेले. त्याला दार होतं आणि त्याच्या छतात स्पीकर नव्हते. व्हर्ला वाफाळत्या सुपाचा वाडगा घेऊन दाराकडे पाठ करून बसली होती. मागून एक जण पुटपुटत आत आला की त्याच्या गाडीपेक्षा त्याची सासू थंडीत लवकर सुरू होते. व्हर्ला मान न वळवता म्हणाली, "सासूला रात्रभर गॅरेजच्या उबेत ठेवतोस आणि गाडी बाहेर, म्हणून."

सगळे हसले. मारिटच्या हातातला घास हातातच राहिला. हे पुटपुटणं तिलाही नीट कळलं नव्हतं, आणि व्हर्लाने पाठमोरी असून ते टिपलं होतं. म्हणजे कान थोडे उतरले असतील. वय झालं की उतरतातच. पण शांततेत ते पुरत होते. दालनात पुरत नव्हते, कारण दालनात शांतता नव्हतीच. तिथे फक्त शांततेसारखं काहीतरी होतं, आणि ते मारिटने चढवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रोशेलच्या खोलीत गेली. रोशेल वाईट बाई नव्हती. थंडीतून बस बदलत येणाऱ्या सफाईवाल्या बायकांसाठी तिने भांडून एक विश्रांतीची खोली मिळवून दिली होती. मारिटचं सगळं ऐकून घेतल्यावर तिने दार लावलं. आवाज कमी करायला तिची तयारी नव्हती, निदान पुरस्काराचं मंडळ पाहून जाईपर्यंत तरी नाही. आणि लोकांना सांगण्याचा विषयच तिने काढू दिला नाही.

"अगं, आधीच्या कंपनीत आम्ही शहाण्यासारखं पत्रक काढलं होतं," ती म्हणाली. "आठ दिवसांत चाळीस सह्यांचा अर्ज आला. एका पठ्ठ्याचं तर सुट्टीच्या दिवशी घरी बसूनसुद्धा डोकं दुखायचं. शेवटी सगळं काढून टाकलं, आणि मग महिन्याभरात तेच चाळीस जण गोंगाटाची तक्रार घेऊन आले."

व्हर्लाचं विचारलं तर रोशेल हळहळली. व्हर्लाचे कामाचे गुण डिसेंबरपासून घसरत होते. चुकीच्या नोंदी होत होत्या, फोन करणाऱ्यांच्या तक्रारी येत होत्या. पण तिला कुणी काढत नव्हतं. तिनेच स्वतःहून मुदतीआधी निवृत्ती घेण्याचे कागद मागितले होते. तिची इच्छाच असेल तर आपण कोण, असं रोशेल म्हणाली.

ग्लेनने ऐकून घेतलं आणि मारिटच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच्या मते प्रश्न सहा आठवड्यांचा होता. मग दोन पायऱ्या गुपचूप उतरवू, म्हणाला. तोवर एका बाईसाठी दोनशे जणांच्या कानात किडा सोडू नकोस.

मारिटला हे दोघेही पूर्णपणे चुकीचे वाटत नव्हते, आणि तीच खरी अडचण होती. तिनेच शिकवलेलं सूत्र ते तिला ऐकवत होते. म्हणून तिने मधला मार्ग काढला, आणि तो मार्ग आपल्या मनाच्या सोयीचा आहे का, हे स्वतःला विचारायचं टाळलं. स्पीकरची यंत्रणा सांभाळणाऱ्या केंग व्हांगला तिने फोन केला. व्हर्लाच्या टेबलाच्या डोक्यावरचा तेवढा भाग कमी करता येईल का? केंग सेंट पॉलचा, ऐन तिशीतला माणूस, कामात चोख. करता येईल, म्हणाला, पण छताचा तो तुकडा सहा टेबलांचा आहे आणि यंत्र प्रत्येक बदलाची नोंद ठेवतं. शिवाय त्या बाईंना सांगून टाकणं सोपं नाही का, असंही त्याने विचारलं. मारिटने सांगितलं की ते शक्य नाही, आणि का शक्य नाही ते पाच मिनिटं समजावत राहिली.

"मारिट, मी आवाजवाला आहे," केंग मध्येच म्हणाला. "कबुलीजबाब घेणारा पाद्री नाही. किती पायऱ्या ते सांग."

तिने चार सांगितल्या. शनिवारी दालन रिकामं असताना त्याने ते काम केलं.

पुढच्या आठवड्यात काहीतरी निमित्त काढून मारिट चौतिसाव्या मजल्यावर गेली. व्हर्ला पाठ टेकून बसली होती. हेडफोनवर हात नव्हता. कुणाच्या तरी कोसळलेल्या गोठ्याची हकीकत ती शांतपणे लिहून घेत होती आणि एकदाही 'पुन्हा सांगता का' म्हणाली नाही. मारिटला पाहून तिने हात हलवला. त्या दिवशी मारिट बर्फातून गाडी चालवत घरी गेली ती जवळजवळ गुणगुणत. कुणाला न दुखावता, कुणाला न कळता एक चूक दुरुस्त झाली होती, आणि तिच्या धंद्यातलं सगळं कौशल्य तरी याहून वेगळं काय होतं.

त्यानंतर पुरस्काराच्या अर्जाच्या धावपळीत तीन आठवडे गेले. मधल्या काळात केंगचा एक निरोप येऊन पडला होता. यंत्राच्या महिन्याच्या नोंदीत रोशेलला तो बदल दिसला होता, बिघाड समजून तिने आवाज पूर्ववत करायला सांगितलं होतं, आणि केंगच्या साहेबाने तो केलाही होता. मारिटने निरोप वाचला तो बारा दिवस उशिरा, मार्चच्या चौथ्या आठवड्यातल्या एका बुधवारी सकाळी. वाचला तशी ती उठली आणि इमारतींना जोडणारे काचबंद पूल ओलांडत, कोटही न घालता, त्या इमारतीत पोहोचली.

व्हर्ला टेबल आवरत होती. डब्यात पुन्हा लिंबाच्या वड्या होत्या, आज तिप्पट. कुंडीतलं रोप तिने शेजारच्या मुलीला देऊन टाकलं होतं. निवृत्तीच्या कागदावर सही करून तो शुक्रवारी वर द्यायचा होता.

मारिटने तिला स्वयंपाकघरात नेलं. तिथे कुणी नव्हतं. इतकी घाई का, असं तिने विचारलं, आणि व्हर्लाने पहिल्यांदाच नेहमीचं 'ठीक आहे' टाळलं. तिने आधी दार लावून घेतलं.

"कुणाला बोलणार नाहीस ना," ती म्हणाली. "माझं डोकं चाललंय गं."

मग तिने सांगितलं. डिसेंबरपासून माणसांचं बोलणं डोक्यात शिरायला उशीर लागतो. शब्द येतात पण त्यांचा अर्थ लागत नाही, ओळी पुसल्यासारख्या होतात. तिच्या आईचं असंच सुरू झालं होतं, बरोबर साठीच्या तोंडावर. डॉक्टरकडे ती गेली नव्हती. डॉक्टरने एकदा नाव दिलं की ते नाव घरात राहायला येतं, हे तिने आईच्या वेळी पाहिलं होतं.

"मध्ये मला वाटलं, सुटले," व्हर्ला पुढे म्हणाली. "मार्चच्या सुरुवातीला आठ-दहा दिवस सगळं लख्ख कळत होतं. आणि मग एका सोमवारी आले तर पुन्हा सगळं पाण्याखाली. तेव्हाच मी ओळखलं. आईचंही असंच येऊन-जाऊन असायचं. रविवारी चर्चमध्ये सगळ्या नातवंडांची नावं घ्यायची, आणि गुरुवारी मला विचारायची, तू कुणाची गं पोरी?"

मारिटने मनात तारखा जुळवल्या, आणि त्या जुळल्या. तिच्या गुपचूप केलेल्या दुरुस्तीनेच या बाईच्या भीतीवर शिक्का मारला होता. नुसता त्रास असता तर व्हर्लाने कदाचित आणखी काही महिने दम धरला असता. मधल्या चांगल्या दिवसांनी तिची खात्री पटवली होती.

"माझ्याबरोबर जिन्यात येता का?" मारिटने विचारलं.

आग लागली तर वापरायचा तो जिना दालनाच्या टोकाला होता. लोखंडी दार मागे लागलं आणि सिमेंटच्या भिंतींमध्ये खरोखरीची शांतता उरली. व्हर्ला पायरीवर बसली. मारिट तिच्या मागे, चार पायऱ्या वर जाऊन उभी राहिली आणि पिशवीतल्या प्रश्नावलीच्या कागदांवरचे क्रमांक, जेवढ्या हळू आवाजात जमेल तेवढ्या हळू, वाचू लागली. मी म्हणेन ते मागून म्हणा, एवढंच तिने सांगितलं होतं. व्हर्लाला आधी हे पोरखेळासारखं वाटलं. मग ती म्हणू लागली. सहा आकडे, पुन्हा सहा आकडे, आडनावं, गावांची नावं. मारिटने आवाज आणखी उतरवला. व्हर्ला एकदाही चुकली नाही. वीस झाल्यावर मारिट थांबली.

"आणखी म्हण," व्हर्ला म्हणाली.

तिने आणखी दहा म्हटले. मग ती खाली येऊन व्हर्लाच्या शेजारी बसली आणि सांगितलं: छतातले स्पीकर, दर आठवड्याची पायरी, डिसेंबरच्या दोन जास्तीच्या पायऱ्या, खाली आपली सही. मार्चच्या सुरुवातीचे ते चांगले दिवस कुठून आले आणि कुठे गेले. कान थोडे उतरले असावेत, ते तपासून घ्यावे लागतील. पण डोक्याला काही झालंय असं मानायला आपल्याला एकही कारण दिसत नाही. ती बोलत असताना व्हर्ला लोखंडी दाराकडे पाहत होती, जणू त्याच्यापलीकडचं दालन तिला इथून दिसत होतं.

"आणि हे तुला कधीपासून माहीत?"

"चार आठवडे."

"चार आठवडे," व्हर्ला म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "या चार आठवड्यांत मी वकिलाकडे जाऊन आले. घर लेकीच्या नावावर करायला दिलं. तिला जवळ बसवून सांगितलं, की मी तुला ओळखेनाशी झाले की मला घरी ठेवून घेऊ नकोस, मी तुझ्या आजीला ठेवलं आणि त्यात माझी दहा वर्षं गेली. ती रडली. मी नाही रडले. आणि इथे तू मला आकडे म्हणायला लावतेस."

मारिटने माफी मागितली. ते शब्द जिन्यात उगाचच मोठे वाटले.

"माफी राहू दे बाजूला. मला एकटीलाच सांगायला आलीस ना?"

मारिट त्यासाठीच आली होती. व्हर्लाला सांगावं, ती समजूतदार आहे, गुपित ठेवील, कान तपासून घेईल, कंपनी तिला बंद खोली देईल. वाटेत पूल ओलांडताना तिने सगळं असं लावून ठेवलं होतं.

"मी कुणाला बोलणार नाही, हे तुला पक्कं माहीत होतं," व्हर्ला म्हणाली. "बरोबर आहे. मी नसते बोलले. आम्ही कुणीच बोलत नाही, म्हणून तर तुमचं चालतं. पण आत आणखी दोनशे जण आहेत, आणि ते घरी जाऊन काय समजून घेतायत ते तुला ठाऊक नाही. मलाही नाही. उठ. आत चल आणि त्यांना सांग."

"रोशेलला आधी विचारायला हवं."

"विचार की," व्हर्ला म्हणाली. "ती नाही म्हणेल. मग तू पुन्हा एखादा शनिवार शोधशील."

ती उठली आणि दाराला खांदा लावून उभी राहिली. तिला ते दार एकटीने उघडता आलं असतं, पण तिने उघडलं नाही. मारिट अजून पायरीवरच होती. नोकरी जाईल का, हा विचार तिच्या मनात आला, आणि कदाचित जाणारही नाही, हाही आला. फक्त यापुढे तिच्या हातात असा मजला कुणी देणार नाही. बोलणारी आखणीकार, असं नाव होईल. ग्लेनचा चेहरा तिला दिसला. मग तिने उठून दार ढकललं.

दालनाच्या मध्यभागी एक गोल जागा तिने मोकळी सोडली होती, वाढदिवसाला केक कापायला. तिथे ती उभी राहिली. व्हर्लाने आपल्या रांगेतल्यांना हेडफोन काढायला लावले. दोन्ही बाजूंच्या रांगांतली माणसं वळून पाहू लागली.

"तुमच्या छतात आवाज सोडलेला आहे," मारिट म्हणाली. "तो तिथे मी ठेवलाय."

तिने जमेल तितकं साधं करून सांगितलं. तिसऱ्या रांगेपर्यंतच्या माना वर गेल्या. मग, तिच्या डोळ्यांदेखत, त्यांच्या चेहऱ्यावर तो आवाज उमटला; पापण्या किंचित आवळल्या गेल्या, एकाने बोट वर करून शेजाऱ्याला खूण केली. पण त्यापलीकडचे लोक काही न कळल्यासारखे पाहत होते. एक जण कानाशी हात नेऊन, काय म्हणतेय ती, असं विचारत होता. मारिटने आवाज चढवला. तो पाचव्या टेबलाशी जाऊन मऊ झाला आणि विरून गेला. दालन तिने सांगितल्याप्रमाणे चोख काम करत होतं. दोनशे माणसांना एकदम काही सांगता येईल, अशी ती जागाच नव्हती.

तेव्हा ती रांगेरांगेने निघाली. प्रत्येक रांगेशी उभं राहायचं आणि पहिल्यापासून सांगायचं. दुसऱ्या रांगेत एका बाईने सांगितलं की दुपारी डोकं दुखतं म्हणून तिने सप्टेंबरपासून दोनदा चष्मा बदलला. तिच्या पलीकडच्याने कॉफी सोडली होती. एक तरुण मुलगी म्हणाली की तिला वाटलं होतं, आपल्याला हे कामच झेपत नाही. चौथ्या रांगेतला एक दाढीवाला मात्र चिडला. आयुष्यात पहिल्यांदा मला इथे विचार करता येतोय, तो म्हणाला, आता तुम्ही सांगितलंत आणि माझी वाट लावलीत. तो बंद करू नका आणि मला सांगायलाही नको होतं. तोही खरंच बोलत होता.

सहाव्या रांगेशी तिचा फोन थरथरला. ग्लेन होता. तिने तो पिशवीत तसाच राहू दिला.

तिने वळून पाहिलं तेव्हा व्हर्ला आपल्या खुर्चीवर होती. सही करायचा कागद समोर होता. तो तिने फाडला नाही. घडी घालून पाकिटात ठेवला, पाकीट खणात ठेवलं आणि हेडफोन चढवला. जाता जाता मारिटला ती म्हणाली होती की आधी कान बघून घेते. जायचं असेल तर जाईनही, पण माझ्या कारणाने जाईन. आता तिने फोन घेतला, टेबलावर ओणवी झाली आणि पलीकडच्या माणसाला स्पष्ट सांगितलं की इथे गोंगाट आहे, जरा मोठ्याने बोला.

लिफ्टच्या बाजूने रोशेल आली होती. हातांची घडी घालून ती खांबाशी उभी होती. तिच्या चेहऱ्यावर राग होता, आणि त्याहून अधिक थकवा होता. पुढच्या महिन्याभरात येणारे सगळे अर्ज, सगळ्या सह्या तिला आत्ताच दिसत असाव्यात. तिने मारिटला हाक मारली, निदान तिचे ओठ हलले. मारिटला ते ऐकू आलं नाही.

अजून दोन रांगा उरल्या होत्या. मारिट पुढच्या रांगेशी गेली. तिथल्या सगळ्यांनी हेडफोन आधीच काढून ठेवले होते आणि ते तिच्या तोंडाकडे पाहत होते.